मदत हवी आहे: १९३१ च्या फोर्डची हॉट रॉड स्वतः बांधावी की गॅरेजला द्यावी?

नमस्कार मंडळी,

मी मिशिगनमध्ये, डेट्रॉइटच्या उत्तरेला राहतो. दोन वर्षांपूर्वी मी १९३१ सालची फोर्ड मॉडेल ए कूपे विकत घेतली. ती कारखान्यातून निघाली तशीच करून ठेवण्यात मला रस नाही; मला तिची हॉट रॉड करायची आहे, म्हणजे अंगावरचा पत्रा जुनाच, पण खाली भक्कम चासी (गाडीचा लोखंडी सांगाडा), व्ही-८ इंजिन आणि भरवशाचे ब्रेक. हे काम मी स्वतः करावे, गॅरेजला द्यावे, की दोघांत वाटावे, आणि वाटायचे तर कोणते काम कोणाकडे जावे, यावर अनुभवी सभासदांचे मत हवे आहे.

गाडीची अवस्था आधी सांगतो. छताचे कुजलेले कापड ओढून काढले तेव्हा खाली लाकडी पट्ट्या, त्यांवर कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसली जाळी आणि तिच्यावर कापसाचा थर निघाला. त्या काळी छताचा मधला भाग असाच करत असत, त्यामुळे त्यात वावगे काही नाही. उंदरांनी मात्र कापसात संसार थाटला होता. खरा धक्का खाली बसला. फडक्यात गुंडाळलेले लोहचुंबक मागच्या चाकामागील पत्र्यावरून फिरवले, तर वीतभर जागेत ते चिकटेचना. खरवडून पाहिल्यावर खड्डे बुजवायच्या लांबीचा (पुट्टीचा) बोटभर जाड थर निघाला आणि त्याच्यामागे पत्राच नव्हता. याखेरीज ब्रेक मूळचे, दांड्यांवर चालणारे आहेत (फोर्डने हायड्रॉलिक ब्रेक १९३९ मध्ये आणले), वीज ६ व्होल्टची आहे आणि इंजिन चार सिलिंडरांचे, ४० अश्वशक्तीचे आहे. त्याच्या जागी बसवण्यासाठी एका मित्राकडून शेवरोलेचे ३५० घन इंचांचे व्ही-८ मिळाले आहे.

माझ्या वडिलांचे कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथचे लहानसे वर्कशॉप होते आणि शाळेच्या सुट्ट्या तिथेच गेल्या, त्यामुळे हात काळे करण्याची सवय आहे. वायरिंग, इंजिन उतरवणे-चढवणे, आतली बैठक ही कामे मी निःशंकपणे करीन. मिग वेल्डिंगचे यंत्र घेऊन पातळ पत्र्यावर सराव चालू आहे. सलग वेल्ड ओढला की पत्रा पापडासारखा फुगतो, म्हणून इथे एक टाका, तिथे एक टाका आणि मध्ये थंड होऊ द्यायचे, हे शहाणपण चार पत्रे वाया घालवून आले. परंतु ज्या जोडावर माणसाचा जीव अवलंबून असतो, असा चासीचा जोड मी आजवर केलेला नाही.

मग गॅरेजलाच का देत नाही, असे कोणी विचारील. एकदा देऊन पाहिली आहे. एका गॅरेजने ८,००० डॉलर आगाऊ घेऊन गाडी १४ महिने ठेवली, तासांचा हिशेब पाठवत राहिले, आणि मी ती परत आणली तेव्हा बॉडीचे सगळे बोल्ट तीन बादल्यांत एकत्र टाकलेले होते. एकावरही चिठ्ठी नव्हती. आता दुसरे गॅरेज पाहिले आहे आणि त्यांचे काम खरोखर चांगले आहे. मजुरी ताशी ११० डॉलर, अंदाजे ६०० तास, म्हणजे ६६,००० डॉलर, आणि सुटे भाग वेगळे. पण त्यांची अट अशी की गाडी द्यायची तर पूर्ण द्या. दुसऱ्याने वेल्ड केलेल्या चासीवर आम्ही ब्रेक आणि स्टिअरिंग बसवणार नाही. ऐकताना राग आला, घरी येईपर्यंत अट पटली.

एक गोष्ट भावनेची आहे, तीही सांगून टाकतो. हा छंद वाढवला तो दक्षिण कॅलिफोर्नियातल्या पोरांनी, ज्यांनी १९३० च्या दशकात स्वस्तातल्या जुन्या फोर्डचे मडगार्ड काढून त्या म्युरॉकसारख्या कोरड्या सरोवरांवर पळवल्या. त्यांच्या खिशात पैसे नव्हते, म्हणून सगळे हाताने केले. त्यामुळे ऑगस्टमध्ये वुडवर्ड ड्रीम क्रूझला, म्हणजे डेट्रॉइटजवळच्या जुन्या गाड्यांच्या मेळाव्याला, कोणी ‘ही तुम्हीच बांधली का?’ असे विचारले, तर ६६,००० डॉलर मोजून ‘हो’ कसे म्हणायचे, हा प्रश्न मला खरोखर छळतो. माझ्या पत्नीचे म्हणणे असे की, विटा गवंड्याने रचल्या तरी आपण ‘आम्ही घर बांधले’ असेच म्हणतो.

प्रतिसाद १ (ओहायोहून)

गॅरेजची अट रास्त आहे, पण तिच्यातूनच वाट निघते. चासीचे सर्व वेल्डिंग, पुढचा अ‍ॅक्सल, स्टिअरिंग आणि ब्रेक एवढेच काम त्यांना उक्ते द्या. चासी स्वतःच्या चाकांवर उभी राहिली की घरी आणा आणि बाकीचे तुम्ही करा. तिथे त्यांच्या कामावर दुसऱ्याचा हात पडत नाही, त्यामुळे ते तयार होतील असे वाटते. मॉडेल ए च्या चासीचे दांडे एका बाजूने उघड्या पन्हळीसारखे असतात आणि व्ही-८ चा पीळ त्यांना पेलत नाही, म्हणून उघडी बाजू पट्टी वेल्ड करून बंद करतात. हे काम जिगमध्ये (दांडे जागच्या जागी धरून ठेवणाऱ्या चौकटीत) न आवळता केले तर दांडा वाकतो आणि गाडी आयुष्यभर एका बाजूला ओढते.

नवी तयार चासी घ्या, असेही कोणी सुचवील. त्याआधी टायटल, म्हणजे गाडीच्या मालकीचा कागद, पाहा. मॉडेल ए चा क्रमांक इंजिनवर असतो आणि तोच चासीच्या डाव्या दांड्यावर, बॉडीखाली ठोकलेला असतो. इंजिन तुम्ही बदलणारच आहात. चासीही टाकून दिलीत, तर कागदावरचा क्रमांक गाडीवर कुठेच उरणार नाही.

शेवरोलेच्या त्या इंजिनाचा डिस्ट्रिब्युटर (स्पार्क प्लगांना वीज वाटणारा भाग) मागच्या टोकाला असतो आणि तो फायरवॉलला, म्हणजे इंजिन आणि बैठक यांमधल्या पत्र्याच्या भिंतीला, भिडतो, म्हणून बॉडी वर ठेवून माप घेतल्याखेरीज इंजिनाचे माउंट पक्के करू देऊ नका. रंगाची घाई करू नका. न रंगवलेली गाडी पाचशे मैल चालवून, पुन्हा खोलून, मगच रंगवावी. रंग मात्र घरी नको. युरेथेन रंगातील आयसोसायनेट साध्या मास्कला जुमानत नाही, बाहेरून हवा पुरवणारा मुखवटा लागतो.

प्रतिसाद २

मी माझी गाडी पूर्णपणे पैसे देऊन करून घेतली आणि विचारणाऱ्याला तसे सरळ सांगते. वरील सल्ला तांत्रिकदृष्ट्या बरोबर असेल, पण चासी घरी आणल्यावर ती किती वर्षे तशीच उभी राहील, हेही स्वतःला विचारावे. आमच्याच गल्लीत ताडपत्रीखाली झाकलेल्या अशा तीन ‘स्वतः बांधायच्या’ गाड्या आहेत. गॅरेजला देणार असाल तर टप्पा पूर्ण झाल्याशिवाय पुढचा हप्ता देऊ नका, दर शुक्रवारी फोटो मागा, आणि सुटे भाग स्वतःच्या नावावर खरेदी करा, म्हणजे उद्या गॅरेज बंद पडले तरी ते तुमचे आहेत हे दाखवता येईल.

धागाकर्ता

दोघांचेही आभार. टायटलवर इंजिनाचाच क्रमांक आहे, आणि दांड्यावरच्या क्रमांकाचा विचार माझ्या डोक्यातही आला नव्हता. गॅरेजशी फोनवर बोललो. चासीपुरते उक्ते काम घ्यायला ते तयार आहेत, मात्र दांडे मूळचे आणि सरळ असल्याचे आधी पाहणार आहेत. ताडपत्रीचा टोला वर्मी बसला, म्हणून वायरिंगचा संच आजच मागवला.

क्रमांक वाचण्यासाठी येत्या शनिवारी बॉडी उचलावी लागेल. दरवाजे आधीच काढले आहेत, तरी चार माणसे लागतील आणि आम्ही दोघेच आहोत. डेट्रॉइटच्या आसपास कोणी असल्यास कृपया व्यक्तिगत निरोप पाठवावा. दुपारच्या मिसळीची सोय घरी केली आहे.