मदत हवी आहे: लेकाचं दृढीकरण (कन्फर्मेशन, म्हणजे बाप्तिस्मा झालेल्यानं स्वतः श्रद्धेची जाहीर कबुली देण्याचा विधी) कुठल्या ल्युथरन चर्चमध्ये करावं?

आम्ही मिनेसोटात राहतो. मी नगरची, सीएनआयमधली (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया). नवरा मिसुरी सिनड या अमेरिकेतल्या परंपरावादी ल्युथरन संस्थेत वाढलेला. सासूबाईंच्या त्या चर्चमध्ये स्त्रिया पाळक होत नाहीत, आणि प्रभुभोजन (भाकर-द्राक्षारसाचा विधी) सहसा त्यांच्याच शिकवणीतल्या सभासदांना मिळतं. म्हणून मी रांगेत हात छातीवर दुमडून जाते, नुसता आशीर्वाद घेऊन परतते. घराजवळचं चर्च ईएलसीएचं (इव्हँजेलिकल ल्युथरन चर्च इन अमेरिका, १९८८ साली स्थापन झालेली दुसरी ल्युथरन संस्था). तिथे पाळकबाई आहेत, प्रभुभोजनही बाप्तिस्मा झालेल्या सगळ्यांना. गंमत म्हणजे ल्यूथरची १५२९ची छोटी प्रश्नोत्तरी (श्रद्धेची शिकवण देणारं पुस्तक) दोन्हीकडे तीच! नवऱ्याला ती अजून तोंडपाठ आहे.

कुणी ल्युथरन घरात वाढलंय का इथे? ईएलसीएतलं दृढीकरण मिसुरीवाले पुढे ग्राह्य धरतात, की पुन्हा वर्ग करायला लावतात? आणि मुख्य म्हणजे, आजीची समजूत कशी काढलीत?