सीमाभागातील म्हणवणारे खाते बनावट आहे, हे कसे ठरवावे?

निपाणीकर वाचक (प्रश्न)
नमस्कार. आम्ही काही जण बेळगाव, खानापूर आणि निपाणी परिसरात फिरणाऱ्या प्रक्षोभक पोस्टची पडताळणी करतो. निपाणीतील मराठी शिक्षिका असल्याचे सांगणारे एक फेसबुक खाते सीमाप्रश्नावर मराठी आणि कन्नड अशा दोन्ही भाषकांना डिवचणारा मजकूर सातत्याने टाकत आहे. गूगल लेन्सवर तिचे छायाचित्र अन्यत्र कोठेही आढळले नाही. एवढ्यावरून खाते खरे मानावे काय?

टिळकवाडीचा पडताळक
मानू नये. छायाचित्र एखाद्याच्या खासगी अल्बममधून उचललेले असू शकते किंवा संगणकाने रचलेलेही असू शकते. काही वर्षांपूर्वीच्या कृत्रिम चेहऱ्यांत डोळे चौकटीच्या जवळजवळ ठरावीक जागी येत, परंतु नव्या प्रणालींच्या चित्रांत ती खूण राहिलेली नाही. त्यामुळे चेहऱ्यापेक्षा दावा तपासावा. शिक्षिका म्हणवणाऱ्या व्यक्तीच्या जुन्या पोस्टमध्ये परीक्षा, सुट्ट्या, सहकारी यांचा काही माग आहे काय, आणि निपाणीतील माणसे सीमाप्रश्नाखेरीज अन्य विषयांवर तिच्याशी बोलतात काय, हे पाहावे. ‘आत्ताच निपाणीत घडले’ म्हणून टाकलेला व्हिडिओ पूर्वी दुसऱ्या गावाच्या नावाने आला होता काय, हेही शोधावे. मात्र वाहनांच्या क्रमांकांवर विसंबू नये. निपाणीत कर्नाटकच्या केए-२३ इतकीच महाराष्ट्राच्या एमएच-०९ची वाहनेही नेहमीची आहेत.

खानापूरचा वकील
वरील उत्तराशी मी सहमत आहे, पण एक भेद काटेकोरपणे पाळावा. टोपणनाव म्हणजे फसवणूक नव्हे. सीमाभागात नोकरी किंवा दुकान सांभाळून मत मांडणाऱ्याला नाव लपवण्याची सबळ कारणे असतात. नसलेले गाव, व्यवसाय किंवा दुसऱ्याचा चेहरा आपला म्हणून सांगितला जातो, तेथे फसवणूक सुरू होते. तसेच एकच मजकूर अनेक खात्यांवर दिसला, एवढ्यावरून ती सर्व बनावट ठरत नाहीत. सीमाभागातील मराठी भाषक निषेध म्हणून पाळतात त्या १ नोव्हेंबरच्या काळ्या दिनी खरीखुरी माणसेही तोच संदेश जसाच्या तसा पुढे पाठवतात.

हा प्रश्न किती गंभीर आहे, याची आठवण द्यावीशी वाटते. १४ डिसेंबर २०२२ रोजी दोन्ही राज्यांच्या मुख्यमंत्र्यांच्या बैठकीनंतर केंद्रीय गृहमंत्री अमित शहा यांनी नेत्यांच्या नावे चालणाऱ्या बनावट ट्विटर खात्यांनी वाद भडकवल्याचे सांगून गुन्हे नोंदवण्याचे जाहीर केले होते. अर्थात ‘ते खाते माझे नव्हे’ हा खुलासाही पडताळणीशिवाय स्वीकारू नये.

नोंदी ठेवणारा, चिकोडी
खाते पुसले जाण्यापूर्वी पोस्टचा पूर्ण दुवा, तारीख, वेळ आणि खात्याचा अंकी ओळख क्रमांक नोंदवून ठेवा. प्रदर्शित नाव बदलले तरी तो क्रमांक बदलत नाही. नुसता स्क्रीनशॉट न्यायालयात पुरेसा ठरेलच असे नाही, कारण भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत प्रमाणपत्र लागते. संगणकीय साधनाने तोतयेगिरी करून फसवणूक झाली असल्यास माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६-ड लागू होते.

खात्यामागे कोण आहे, हे मात्र आपण जाहीर करू नये. लॉग-इनच्या नोंदी कंपनीकडून मागवण्याचा अधिकार पोलिसांना आहे, आपल्याला नाही. आपल्या अहवालात ‘निपाणीची शिक्षिका असल्याच्या दाव्याला आधार आढळला नाही’ एवढेच लिहावे आणि कोणते दावे कसे तपासले, ते सविस्तर नोंदवावे.