संचालक मंडळात अभियंता हवाच

चिप कंपनीच्या संचालक मंडळावर वित्त आणि कायदा जाणणारी माणसं पुरेत, अभियंत्यांनी प्रयोगशाळा सांभाळावी, असं काही जण म्हणतात. हे मत मला अजिबात पटत नाही. निदान अ‍ॅनालॉग चिपच्या, म्हणजे आवाज, तापमान असे सलग बदलणारे संकेत हाताळणाऱ्या चिपच्या बाबतीत तरी नाही.

अ‍ॅनालॉग डिव्हायसेस या अमेरिकन चिप कंपनीचंच बघा. एमआयटीत शिकलेल्या रे स्टाटांनी १९६५ साली मॅथ्यू लॉर्बर यांच्यासोबत ही कंपनी काढली आणि १९७३ ते २०२२ ते मंडळाचे अध्यक्ष राहिले. जवळपास पन्नास वर्षं! या धंद्याला ते मानवलं, कारण चांगला अ‍ॅम्प्लिफायर (संकेत मोठा करणारी चिप) किंवा कन्व्हर्टर (संकेताचं आकड्यांत किंवा उलट रूपांतर करणारी चिप) दहा-वीस वर्षंही विकला जातो, आणि तो घडवणारा डिझायनर तयार व्हायलाच कित्येक वर्षं लागतात. फक्त तिमाहीचे आकडे बघणारं मंडळ नेमकी तिथेच कात्री लावतं.

२०२१ मध्ये या कंपनीने मॅक्झिम ही दुसरी चिप कंपनी विकत घेतल्यावर तिचे प्रमुख टुंच डोलुजा यांनाही मंडळावर घेतलं. तेही मुळात अभियंतेच. मला हा निर्णय फार योग्य वाटतो.

एकच माणूस इतकी वर्षं अध्यक्ष असण्यात धोका आहे, हे मान्य. पण १९९६ पासून सीईओपद स्टाटांकडे नव्हतं, हेही लक्षात घ्या.