चार्टर शाळा आणि वस्तीचा हक्क

सरकारी प्राथमिक शाळेला चार्टर देणे, म्हणजे सरकारी पैशावरच चालताना स्वतःचा कारभार स्वतः पाहण्याची ठरावीक मुदतीची सनद देणे, हे तिला खासगी हातांत सोपवणेच आहे, असे मत मांडले जाते; ते मला सरसकट पटत नाही. लॉस एंजेलिसमधील पकोयमा या प्रामुख्याने लॅटिनो, कष्टकरी वस्तीतील व्हॉन स्ट्रीट प्राथमिक शाळा १९९३ मध्ये चार्टर शाळा झाली, तेव्हा तिची इमारत, मुले आणि मुख्याध्यापिका इव्हॉन चॅन तीच राहिली. बदलले ते एवढेच, की पैसा कशावर खर्च करायचा आणि शिक्षक कोण नेमायचे हे शाळांचा कारभार पाहणाऱ्या जिल्हा कार्यालयाऐवजी शाळेत ठरू लागले, आणि वाचवलेल्या निधीतून वर्गातील पटसंख्या कमी करता आली.

कॅलिफोर्नियाच्या १९९२ च्या कायद्यातील दोन तरतुदी मला विशेष महत्त्वाच्या वाटतात. चालू शाळेचे असे रूपांतर करायचे, तर तिथल्या निम्म्या शिक्षकांच्या सह्या लागतात, म्हणजे हा निर्णय केवळ वरून लादता येत नाही. आणि रूपांतरानंतरही शाळेच्या जुन्या हद्दीत राहणाऱ्या मुलांना प्रवेशात प्राधान्य द्यावे लागते. शुल्क अर्थातच घेता येत नाही.

तरीही माझी काळजी संपत नाही. प्रवेशासाठी अर्ज आणि मुदत आली, की ज्या आईवडिलांना इंग्रजी वाचता येत नाही किंवा ज्यांना दोन पाळ्यांत काम करावे लागते, त्यांची मुले सहज मागे पडतात. म्हणून चार्टर मंजूर करणाऱ्या मंडळाने, सनदेची मुदत वाढवण्यापूर्वी, परीक्षेच्या गुणांबरोबरच वस्तीतील किती मुले, विशेषतः अपंग मुले, शाळेत टिकली हेही तपासले पाहिजे.