मदत हवी आहे: शिफ्टचा रिपोर्ट इंग्रजीत सांगताना भूतकाळ गडबडतो, सराव कसा करू?

रात्रपाळी:
नमस्कार मंडळी. चाकणला एका कंपनीत मेंटेनन्सला आहे, आयटीआय फिटर. शिफ्ट सुटताना लॉगबुक भरायचं आणि सकाळच्या मीटिंगमध्ये रात्री काय काय झालं ते उभं राहून सांगायचं. इतके दिवस हिंदीवर भागत होतं. आता नवे मॅनेजर चेन्नईचे आलेत, त्यांचं हिंदी जेमतेम. म्हणजे इंग्रजीला पर्याय नाही.

लिहायचं कसंतरी निभतं, मोबाईल हाताशी असतो. बोलताना दांडी उडते. आणि आमचं सगळं बोलणं भूतकाळातलंच: बेल्ट तुटला, सेन्सर गेला, बेअरिंग बदललं, लाईन चालू केली. व्ही वन, व्ही टू, व्ही थ्रीचे तक्ते शाळेत घोकलेत, आजही म्हणून दाखवतो. पण तोंडातून 'मशीन वॉज स्टॉप', 'वी हॅड चेंज्ड द बेअरिंग', 'इट डिडन्ट वर्क्ड' असलंच काहीतरी पडतं. पाळ्या बदलत असल्यामुळे क्लास जमत नाही. नियम नकोत, सराव कसा करायचा ते जाणकारांनी सांगावं.

झुळूक:
इंग्रजी सिनेमे सबटायटल लावून बघा दादा. आपोआप येतं.

निवृत्त मास्तर:
झुळूकताई, सिनेमातली माणसं एकमेकांशी चालू घडीचं बोलतात. यांना झालेल्या गोष्टीचा वृत्तांत द्यायचाय, त्याला सिनेमा फारसा उपयोगी नाही.

रात्रपाळी, तुम्ही नियम नको म्हणालात, पण तुमच्या तिन्ही वाक्यांमागे आपली मराठी उभी आहे. ती ओळखली की निम्मं काम झालं.

पहिलं, 'वॉज स्टॉप'. आपण 'मशीन बंद पडली' आणि 'मशीन बंद केली' असे दोन वेगळे प्रयोग करतो. इंग्रजीत दोन्हीकडे स्टॉप्डच. 'द मशीन स्टॉप्ड' म्हणजे आपली आपण बंद पडली. 'वी स्टॉप्ड द मशीन' म्हणजे तुम्ही केली. मध्ये वॉज घालून 'वॉज स्टॉप्ड' म्हणालात तर कोणीतरी बंद केली असा अर्थ होतो, आणि मॅनेजर लगेच विचारणार, कोणी? 'बेल्ट तुटला' तसंच: 'द बेल्ट ब्रोक', बस. 'सेन्सर गेला'ला मात्र वेंट लावू नका, 'फेल्ड' म्हणा.

दुसरं, हॅड. आपण सहज म्हणतो, 'काल बेअरिंग बदललं होतं.' त्या 'होतं'चं आपण हॅड करून टाकतो. कालची साधी गोष्ट सांगायला त्याची गरज नाही. 'वी चेंज्ड द बेअरिंग यस्टर्डे' पुरे. हॅड लागतो तो दोन घटनांतली आधीची कुठली हे दाखवायला. बेल्ट तुटला तेव्हा कूलंट आधीच संपलं होतं, अशा वेळी 'द कूलंट हॅड रन आउट'. सकाळच्या मीटिंगमध्ये असे प्रसंग थोडेच. सध्या हॅड तोंडातून काढूनच टाका.

तिसरं, डिडन्ट. डिड आला की भूतकाळ त्यानेच घेतला, पुढचं क्रियापद कोरं राहतं: 'डिडन्ट वर्क'. प्रश्नातही तेच, 'व्हेन डिड इट स्टॉप?' फक्त 'हू चेंज्ड इट?' विचारताना डिड येत नाही, कारण तिथे हू हाच कर्ता आहे.

आता तुमच्या सोयीची गोष्ट. आपण नट घट्ट केला, वायर घट्ट केली, टर्मिनल घट्ट केलं. इंग्रजीत तिन्हीकडे टायटन्ड. मी, तू, ती, ते, कोणीही करो, रूप बदलत नाही. बदलतात ते एकटे वॉज आणि वर. शिवाय तुमच्या कामाची बहुतेक क्रियापदं सरळ आहेत: चेक, क्लीन, रिपेअर, रिप्लेस, अ‍ॅडजस्ट, लीक, ट्रिप. वाकडी म्हणून ब्रोक, फाउंड, टुक, केम, वेंट, रॅन, गॉट एवढी पक्की करा. कट, शट, पुट, सेट, रीसेट यांना तर भूतकाळातही हात लावावा लागत नाही. शंभर शब्दांचा तक्ता विसरा. (वाकडेपणाबद्दल इंग्रजीला नावं ठेवू नका. करणे-केला, जाणे-गेला, येणे-आला हे आपल्याकडे कुठे सरळ आहे? रोज वापरातली क्रियापदंच वाकडी असतात, दोन्हीकडे.)

उच्चारही सांगतो, कारण 'चेकेड', 'स्टॉपेड' ऐकून कान दुखतात. चेक्ट, स्टॉप्ट, फिक्स्ट असं म्हणा. क्लीन्ड, चेंज्ड, टायटन्ड यांत ड. मूळ शब्दाच्या शेवटी ट किंवा डचा आवाज असेल तरच वेगळं 'इड' ऐकू येतं: स्टार्टिड, रिपोर्टिड, अ‍ॅडिड.

सराव असा करा. घरी जाताना कंपनीच्या बसमध्ये मोबाईलवर शिफ्ट सांगून रेकॉर्ड करा. कागद न बघता, चुकलं तरी न थांबता. झोप झाल्यावर ऐका आणि फक्त क्रियापदं वहीत उतरवा. चुकलेली तेवढीच दुरुस्त करून तोच वृत्तांत पुन्हा बोला. मग कोणाला तरी मॅनेजर करून प्रश्न विचारायला लावा. बोलणं अडतं ते बहुतेक उलटप्रश्नाला.

ठाणे लोकल:
मास्तरांशी सहमत. जोडीला इंग्रजी पेपरातला क्रिकेटचा वृत्तांत मोठ्याने वाचा. कोण कधी आऊट झाला, कोणी कॅच सोडला, सगळा भूतकाळ. मात्र मथळे सोडून द्या, इंग्रजी मथळ्यात काल जिंकलेला सामनाही वर्तमानकाळात जिंकतात. थेट कॉमेंट्रीही नको, तिथेही बराचसा वर्तमानकाळच.

झुळूक:
सबटायटलचं मागे घेते. :) दादा, घरात शाळेतलं पोर असेल तर त्यालाच मॅनेजर करा. २००० पासून राज्यात पहिलीपासून इंग्रजी आहे, आपल्यासारखं पाचवीत एबीसीडी नाही. पोरं चुका काढायला तर एका पायावर तयार असतात.

रात्रपाळी:
सगळ्यांचे आभार. मुलगी सातवीत आहे, तिला सांगितल्यापासून जेवतानाही 'व्हॉट हॅपन्ड नेक्स्ट?' चालू आहे. मास्तर, कालची शिफ्ट इथे टाकतो, तपासा.

'कन्व्हेयर थ्री स्टॉप्ड अ‍ॅट टू टेन. द सेन्सर डिड नॉट वर्क. वी क्लीन्ड द सेन्सर, बट द एरर केम अगेन. देन आय फाउंड अ लूज वायर. आय टायटन्ड द टर्मिनल अँड रीसेटेड द पॅनेल. द लाइन स्टार्टेड अ‍ॅट टू फॉर्टी.'

निवृत्त मास्तर:
रीसेटेड नाही, रीसेट. बाकी खणखणीत. शेवटी 'स्टार्टेड अगेन' म्हणा, आधी चालू होती हे कळतं.

आता मी मॅनेजर. 'व्हाय डिड द टर्मिनल गेट लूज? डिड यू चेक द अदर्स?' भाषांतर न करता उत्तर इथेच लिहा.