मेक्सिकोतली जुनी गावं, आई-बाबांना घेऊन: काय ठेवू, काय उडवू?

डॅलसकर: डिसेंबरात आई-बाबा पुण्याहून येतायत, त्यांना घेऊन मेक्सिकोला जायचं चाललंय. कॅनकून नको म्हणतात, समुद्र अलिबागला बघून झालाय! मेक्सिको सिटी दोन दिवस आणि मग पाच दिवस ग्वानाहुआतो, सान मिगेल, केरेतारो, पुएब्ला, ताश्को. आईचे गुडघे दुखतात, दोघंही शाकाहारी. व्हिसाचं काय?

भटक्या_७२: अमेरिकेचा व्हॅलिड व्हिसा आहे ना त्यांच्याकडे, मग मेक्सिकोचा वेगळा लागत नाही. पण पाच दिवसांत पाच गावं म्हणजे नुसतं बसस्टँड दर्शन हो. ताश्को आधी उडवा, गाव भारी आहे, चांदीची दुकानं, पांढऱ्या बीटल टॅक्स्या, पण डोंगराला चिकटलेलं, नुसता चढ, आणि ते दक्षिणेला, पुएब्ला सोडून तुमची बाकीची तीन उत्तरेकडे. केरेतारोत मुक्काम करा, जुना भाग बराचसा सपाट, १८व्या शतकातला ७४ कमानींचा जलसेतू आहे, बाबा खूश होतील.

मिरचीठेचा: ग्वानाहुआतो मात्र अजिबात सोडू नका!! चढ आहेच, पण पिपिलाच्या पुतळ्यापर्यंत फ्युनिक्युलर (दोरानं ओढली जाणारी रुळांवरची गाडी) जाते, वरून रंगीबेरंगी घरं दिसतात. हा पिपिला म्हणजे १८१० च्या स्पेनविरुद्धच्या उठावात पाठीवर दगडाची फरशी घेऊन गोळ्या चुकवत गेला आणि धान्यकोठाराचं दार जाळलं, अशी गोष्ट सांगतात. नदी पुरात गाव बुडवायची म्हणून ती वळवली आणि जुन्या पात्रातून आता गाड्या जातात. ममींच्या म्युझियमला आईंना नेऊ नका, आमच्या सासूबाई त्या रात्री जेवल्या नाहीत.

कोथिंबीर: जेवणाचं नीट ऐका. नुसतं 'सिन कार्ने' (मांसाशिवाय) म्हटलं की ते बीफ काढतात, चिकन आणि हॅम राहतं 🙄 राजमा बऱ्याचदा डुकराच्या चरबीत परततात, भातात चिकनचं पाणी असतं, म्हणून 'मांतेका' आणि 'काल्दो दे पोयो' आहे का हे दर वेळी विचारायचं. भोपळ्याच्या फुलांची केसादिया (सारण भरून दुमडलेली पोळी) मागा, आईंना घरचंच वाटेल.

डॅलसकर: ताश्को आणि पुएब्ला उडवलं. केरेतारोत तीन रात्री, ग्वानाहुआतोत दोन, सान मिगेल जाता जाता. बाबा विचारतायत चांदी ग्वानाहुआतोतही मिळेल ना, आणि आई म्हणते मेथीचे ठेपले नेऊच.

भटक्या_७२: चांदीच्या खाणींवरच उभं राहिलंय ते गाव, बाबांचं पाकीट सांभाळा. आणि स्वेटर घ्या, उंची २००० मीटर आहे, रात्री कुडकुडाल.