अमेरिकेच्या मोंटाना राज्यातला स्थानिक कारभाराचा आढावा आयोग : निवडणुकीला उभं राहावं का?

'आयोगाला अधिकारच नाहीत, मग निवडणूक लढवायची कशाला?' हा मुद्दा मला अर्धाच पटतो. आयोग शिफारसच करतो, खरंय. पण कारभाराचं स्वरूप बदलायचं तर ती शिफारस थेट मतदारांपुढे जाते, पालिकेच्या कपाटात धूळ खात पडत नाही. १९७२च्या राज्यघटनेमुळे दर १० वर्षांनी 'आढावा हवा का?' हे लोकांना विचारावंच लागतं. होकार आला की आयोगाचे किमान ३ सदस्य निवडायचे. पक्षाचं लेबल नाही, आणि त्याच स्थानिक संस्थेत निवडून आलेल्यांना मज्जाव (मला तर हेच सगळ्यात आवडतं!). खरी अडचण उमेदवारांची. ते कमी पडले की जागा नेमणुकीने भरतात, म्हणजे पुन्हा खुर्चीवाल्यांच्या मर्जीतले येण्याची भीती. २०२४ची फेरी झाली, आता थेट २०३४.